शेजारणीची साक्ष

दि. ४ जून

प्रिय सौ. हीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू ‘बरं, ठेवते’ म्हणायला टपलेलीच असतेस, म्हणून हे सविस्तर. कंपनीने मला क्वार्टर मंजूर केलंय! दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे हातभर गॅलरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त गोदामाची भिंत दिसते, पण दुपारी त्या भिंतीवरून ऊन परतून ओट्यावर येतं. रविवारी मी तिथे नुसताच उभा राहिलो. शाळेत घरट्याची कविता आपण कसे हेल काढून म्हणायचो, ते आठवलं. मोठ्याने म्हणूनही पाहिली. रिकाम्या खोलीत आवाज काय घुमतो!

पण क्वार्टर कुटुंबवाल्यांनाच. तुला आणायचं तर लग्नाचा दाखला हवा. मी कारकुनाला म्हटलं, अरे बाबा, लग्नाला चाळीस वर्षं झाली, मुलीला मुलगी झाली, आणखी काय पुरावा हवा? तो म्हणाला, शिक्क्याचा. वकिलातीत गेलो, तर लग्न तिकडे झालं, नोंदही तिकडेच करा म्हणाले. तेव्हा अर्ज तू भर. लग्नाचा फोटो, लग्नाला हजर असलेले दोघे, आणि आपल्याला नवरा-बायको म्हणून ओळखणारं शेजारचं कुणीतरी ने. सहीच्या दिवशी मी येईन. ऑगस्टअखेर दाखला दिला नाही, तर क्वार्टर नव्या फोरमनला जाईल.

आईच्या आजारपणापायी तू तिथे अडकलीस, आणि मी एकोणीस वर्षं इथे स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत एकट्याने घास गिळतोय. आता आई नाही. तुझा मार्ग मोकळा आहे. पडदे कुठल्या रंगाचे आणू, कळव.

तुझी वाट पाहणं हाच ज्याचा जोडधंदा,
मी

दि. २२ जून

यांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. काल नोंदणी कचेरीत जाऊन आले. माझा दादा आणि तुमचा चुलतभाऊ, दोघे साक्षीला होते. फोटोत तुमचं अर्धं तोंड हारामागे. साहेबांनी विचारलं, यात नवरदेव कुठेत? दादा म्हणाला, तो हार दिसतोय ना, त्याच्या मागे. साहेबही हसले.

शेजारची म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाईंना नेलं होतं. त्या शिक्षिका, खोटं बोलायच्या नाहीत म्हणून मुद्दाम. साहेबांनी विचारलं, यांना नवरा-बायको म्हणून एकत्र राहताना पाहिलंय ना? बाई म्हणाल्या, नाही, पाहिलं नाही. बाहेर आल्यावर माझा हात धरून रडायलाच लागल्या. म्हणे, काकू, माफ करा, मला वाटायचं काका कधीच गेले.

त्यांचाही दोष नाही हो. तुम्ही येता मे महिन्यात, आणि शाळेला सुट्टी म्हणून त्या तेव्हाच माहेरी. गळ्यातलं शिलाई मशीनच्या सुतात अडकतं म्हणून मी कपाटात ठेवते. मग त्यांनी समजायचं तरी काय? दादा तर रस्त्याने हसत होता, की मेहुणा स्वर्गातून दर महिन्याला पत्रं पाठवतो. मीही हसले. घरी येऊन कुलूप काढलं, आणि मग नाही हसले.

दुसरी शेजारीण मिळाली आहे, जुनी, तुम्हाला ओळखणारी. दहा ऑगस्टला सही आहे. तुम्ही जातीने हजर पाहिजे.

आपली,
जिवंत नवऱ्याची बायको

दि. ९ जुलै

प्रिय सौ. हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र स्टोअरमध्ये, बेअरिंगांच्या खोक्यांवर बसून वाचलं. इतक्या वर्षांत त्या बाईंपाशी माझा विषय एकदाही निघाला नाही? मी सारखा तुझ्याविषयीच बोलत असतो, असं लिहिणार होतो. पण खरं सांगू? आमच्या मेसचा आचारी परवा मला एक स्थळ सुचवत होता. हसू नकोस. मुलगी पन्नाशीची आहे म्हणाला, पण स्वभावाने गरीब.

आठ दिवसांची रजा मिळाली आहे. येताना तुझं तिकीटही काढूनच येतो. पडद्यांचं तू लिहिलंच नाहीस.

तुझाच, अजून जमिनीवर असलेला,
मी

दि. २० जुलै

यांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

माझं तिकीट काढू नका. आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

तुम्ही सकाळी सातला जाणार, दिवेलागणीला येणार. आज त्या खोलीत तुम्ही जसे बसता, तशी उद्या मी दोन खोल्यांत बसेन. एकटेपणाची फक्त पाळी बदलेल. इथे माझ्याकडे तीन मुली शिवण शिकायला येतात. सासूबाई गेल्यावर सगळे म्हणाले, आता तू सुटलीस, जा नवऱ्याकडे. अहो, सुटले म्हणजे लगेच दुसरीकडे बांधून घ्यायचं का? पलंगाच्या मधोमध झोपायला मी आत्ता कुठे शिकतेय.

आणखी एक. त्या दिवशी बाईंनी विचारलं, काका कसे आहेत स्वभावाने? सांगायला गेले, तर मला सुट्टीतलेच तुम्ही आठवलात. नवे कपडे घातलेले, खाऊ वाटणारे, कविता म्हणणारे. सुट्टीत कुणीही चांगलंच वागतं. कामावरून दमून आलेला माणूस कसा असतो, ते मला ठाऊक नाही.

सही मी करीन. लग्न झालंय तर त्याची नोंद असावी. पण येणार नाही.

आपलीच,
सौ.

दि. १६ ऑगस्ट

प्रिय सौ. हीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. नोंदणी कचेरीत फोटो काढताना साहेब आपल्याला दोनदा ‘सरका जवळ’ म्हणाले, तरी आपल्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा उरली. विमानात मी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. आठ दिवसांत तू एकदाही विषय काढला नाहीस, मीही नाही. निरोप देताना तू डबा नीट धरा एवढंच म्हणालीस.

आज कारकुनाने दाखल्यासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, क्वार्टर फोरमनला देऊन टाका. त्याला वाटलं, दाखला मिळाला नाही. मी दाखवला. तो शिक्क्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी राजीनाम्याचा कागद त्याच्यापुढे ठेवला. ऑक्टोबरअखेर मोकळा होईन.

शिक्क्याने मी तुझा नवरा ठरलो, म्हणून तुझ्या घरात शिरणार नाही. विचारतो आहे. दमलेला माणूस आहे मी, खोकतो, रेडिओ मोठा लावतो, जेवताना बोलत नाही. कविता सुट्टीपुरत्याच पाठ आहेत. असा कुणी तुझ्याकडे राहायला आला, तर चालेल का?

उत्तराची घाई नाही, असं लिहायचं असतं. घाई आहे.

तुझा,
मी

दि. ३० ऑगस्ट

यांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

पत्र दोन दिवस मशीनवर ठेवलं होतं. मग पुढच्या खोलीत उभी राहून तुमची खाट कुठे बसेल ते पाहिलं. मशीन हलणार नाही, तिथेच उजेड चांगला येतो. मागची खोली तुम्हाला. मुली दहाला येतात. तेवढा वेळ वाचनालयात जा नाहीतर बाजारात. मी कापड बेतत असताना बोलू नका, माप चुकतं. रेडिओ हळू. खोकल्याचं औषध मी बघते.

मी काही फार गोड बाई राहिलेली नाही. एकटीने घर चालवणारीला मधे बोललेलं खपत नाही. भांडणं होतील. तेव्हा तुमची रजा संपत आलेली नसेल, हे मात्र मला नवीनच असेल.

या.

लोभ आजवर टपालाने आला. आता स्वतः घेऊन यावा, ही वि.

आपली,
सौ.