केवड्याच्या रोपांवर सुरूचा पाला परत न पसरण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
वनसंरक्षण कार्यालय,
होशिजिमा बेट.

विषय : बनातून काढलेला पाला मूळ जागी न टाकण्याबाबत व जप्त झाडू परत मिळण्याबाबत.

संदर्भ : आपली मे महिन्यातील नोटीस. (तिच्यावर मिसोचे सार सांडल्याने क्रमांक देता येत नाही, क्षमस्व. या अर्जात क्षमा एवढीच आहे.)

महोदय,

१. मी, तोकिए नागाहामा, राहणार दक्षिण बंदर, धंदा केवड्याच्या पानांच्या टोपल्या विणणे, सविनय कळविते की, संरक्षित वनातील पाला मी झाडला हे खरे आहे. आपण मागितलेले पश्चात्तापपत्र मात्र देता येत नाही, कारण पश्चात्ताप झालेला नाही.

२. यजमानांची कबर बनाच्या कडेला आहे. कबर झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर पुढे जाणे ही आमची रीत आहे. बरोबर आपल्या हद्दीवर झाडू थांबवणाऱ्या बाईला लोक चिक्कू म्हणतात. इथे शेजारी आपले कार्यालय आहे. पहिल्या वर्षी मी हातभर गेले. पुढच्या वर्षी तो हातभर तुकडा मला माझाच वाटू लागला, म्हणून त्याच्यापुढे आणखी हातभर. असे करत मी उतारावरच्या म्हाताऱ्या केवड्यापर्यंत पोहोचले. यात कटकारस्थान काही नाही.

३. सुरू हे झाड या बेटाचे नाही. वाऱ्याला आडोसा म्हणून बाहेरून आणून लावले आणि ते ठाण मांडून बसले. त्याच्या सुयांची जमिनीवर गादी झाली आहे. केवड्याचे बी त्या गादीवर पडते, रुजते, मूळ खाली सोडते आणि ते मातीला टेकायच्या आत कोरडे दिवस येतात. रोप उभ्या उभ्या वाळते. त्यामुळे या उतारावर केवड्याची सगळी झाडे म्हातारी, पोरवडा एकही नाही. झाडलेल्या जागेत मात्र रोपे धरली आहेत. आता गुडघ्याला लागतात. त्यांना पाहून मला फार आनंद होतो, हेही नोंदवून घ्यावे.

४. वनरक्षक श्री. उएमात्सु यांनी मला तिथे पकडले. म्हणाले, "तोकिएआजी, नियम म्हणजे नियम. वनातली काडीसुद्धा हलवायची नाही." मी म्हटले, "अरे बाबा, काडी तुमची, तसं रोपही तुमचंच ना? मग काडीची बाजू घेऊन रोपाच्या जिवावर का उठलास?" त्यावर ते म्हणाले, "पाल्याबद्दल नियम आहे, आजी. रोपांबद्दल अहवाल यायचाय अजून." आणि झाडू घेऊन गेले. जाण्यापूर्वी माझ्या डब्यातला भाताचा मुटका खाल्ला. मुलगा वाईट नाही.

५. वनाच्या तोंडाशी आपण बूट घासायचा ब्रश ठेवला आहे, बाहेरचे बी आत जाऊ नये म्हणून. मी न चुकता घासते. म्हणजे बाहेरचा एक दाणा माझ्या टाचेला चिकटला तर गुन्हा, आणि बाहेरचे अख्खे झाड आत बसून पाला ढाळते, त्याला सरकारी संरक्षण! माझी शेजारीण साएको म्हणते, "आपण सुरू असतो ना तोकिए, तर पेन्शनसुद्धा वाढवून मिळाली असती." हे मत तिचे आहे, पण मला पटते.

६. आता आपली आज्ञा, की जूनअखेर सगळा पाला जागच्या जागी पसरावा. मी पसरणार नाही. रोपे त्याखाली गुदमरतील. हा माझ्या टोपल्यांचा प्रश्न आहे असे कृपया समजू नये. ती पाने विणण्याजोगी होईपर्यंत मी यजमानांच्या शेजारी पोहोचलेली असेन. पण म्हातारी झाडे एखाद्या वादळात पडली आणि खालून कोणी उठलेच नाही, तर इथे केवडा होता हे पोरांना चित्रात दाखवावे लागेल. ते मला मान्य नाही.

७. पाला आपली मालमत्ता आहे, हे मी मानते. म्हणून दक्षिण बंदरच्या बायकांनी मिळून तो आज सकाळी आपल्याकडे पोहोचता केला आहे. तो पुन्हा बनात नेण्याचा विचार असल्यास आगाऊ कळवण्याची गरज नाही. मी उद्यापासून रोपांमध्येच बसलेली असेन. पसरायचा तर आधी माझ्यावर पसरावा लागेल.

आपली नम्र, परंतु जागेवरून न हलणारी,

तोकिए नागाहामा
(सही व शिक्का)

दक्षिण बंदर, दि. ९ जून

सोबत : सुरूचा पाला, कार्यालयाच्या मुख्य दारात. दार बाहेरच्या बाजूस उघडत असल्यास कृपया मागच्या दाराने यावे.