सदाफुलीचा रस

देहूरोड,
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
यशोधराचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक. आईचे गुडघे कसे आहेत? हरभरा निघाला का? पत्र बघून दचकू नका. फोनवर मी आवाज चढवला की नेमकी तुमची रेंज जाते, म्हणून लिहायला बसले.

बाबा, पवनसाठी सदाफुलीचा रस पाठवणं बंद करा. कालही आपल्या गावच्या सोपानच्या जीपमधून बाटली आली. हे कामावरून सुटून कान्हे स्टेशनवर जातात, बाटली घरी आणतात आणि मी ती मोरीत ओतते. तुम्ही विचारलंत की ह्यांनी "दिला, दिला" म्हणायचं, असं आमचं ठरलेलं. आज मीच सांगून टाकते. एक थेंबही दिलेला नाही.

चूक डॉक्टर मॅडमची. तुम्ही वॉर्डात बसला होतात आणि त्या सहज बोलून गेल्या, पवनला शिरेतून देतात ते औषध मूळचं सदाफुलीतलं. झालं! तुम्ही उभेच राहिलात. "आगं, मग आपल्या आंगनात लय हाय की! मी आनतो." पुढचं ऐकलंच नाहीत. ढीगभर पाल्यातून चिमूटभर औषध निघतं, ते मापून शिरेतच द्यायचं. कच्चा रस पोटात गेला तर विषबाधा. आणि आईच्या शुगरला फुलं चावायला देता, तेही आधी डॉक्टरांना विचारा. गांधीलमाशी चावल्यावर पानं चोळता, चोळा. रक्ताचा कॅन्सर म्हणजे गांधीलमाशी नाही, बाबा!

एक गोष्ट मात्र मी दाबून ठेवली. मागच्या आठवड्यात पवनची बोनमॅरो तपासणी झाली. आजार आता दिसत नाही. औषधं अजून दोनेक वर्षं चालतील, पण मॅडम हसून बोलल्या. मी जिन्यात जाऊन रडले, तुम्हाला फोन लावला आणि लगेच कट केला. तुम्ही म्हणणार, "बग, माज्या सदाफुलीनं केलं!" आणि ते पुरतं खोटंही नाही, ह्याचीच जास्त चीड येते.

पवनचे केस गेलेत. जेवतो बरा. त्याच औषधानं पाय दुखतात. मी दाबायला बसले की म्हणतो, "मम्मी, तुला नाय येत. आबांना बोलव." त्या दिवशी ह्याच रसावरून भांडून वॉर्डाच्या दारात मी तुम्हाला "परत येऊ नका" म्हणाले, ते त्याला ठाऊक नाही. विचारतो, "आबा रुसलेत का?" मी काय सांगू?

आईला घेऊन या. बाटली नको, पाला नको, तांदळात लपवलेली मुळीही नको. मी पिशवीची झडती घेईन.

हात तेवढे आणा.

तुमची चिडकी लेक,
यशोधरा