शेवटचे लुगडे भिंतीवरचे नसावे

आज पार्सलने आले: दांडीला टांगलेले हातमागाचे नऊवारी लुगडे, नग एक. विणणारी आणि पाठवणारी माझी भाची सुरभी, मुक्काम पुणे. प्रदर्शनात याला साठ हजार सांगतात, मला भेट. टांगायला सुतार दोनशे. भिंतीचे प्लास्टर पडले ते वेगळे.

मी, लीलाबाई बाबाराव गावंडे, वय ७१, मॅट्रिक पास, राहणार दिग्रस, देवाच्या कृपेने डोके ठिकाणावर असताना (यजमानांचे मत घेतलेले नाही) राजीखुशीने लिहून ठेवते की:

माझ्या नावचे घर माझ्यामागे यजमानांनी वापरावे, त्यांच्यानंतर मुलगा अंकुर याचे. पोस्टातली ठेव अर्धी अंकुरला, अर्धी मारुतीच्या दिवाबत्तीला. दिवाबत्ती म्हटले आहे. त्यात देवळाच्या अध्यक्षांच्या नावाची फरशी बसत नाही.

पितळी गंज (पातेले) नणंद सुखीबाई यांना. तो त्यांच्याकडेच आहे. आता त्यांनी लपवायचे कारण नाही.

आमच्यात बाईला शेवटचे नेसवतात ते माहेरचे लुगडे. भाऊ सदाशिवराव गेले. नेरच्या माहेरात त्यांची सुरभी तेवढी उरली. पार्सल पाहून वाटले, पोरीने आधीच सोय केली. उघडले तर मधला दीड वार विणलेलाच नाही, नुसते उभे धागे.

फोन केला. म्हणते, "आत्या, ते रिकामे धागे म्हंजे बाईचं मौन हाये."

"तुह्या आत्याले मौन कवा पाह्यलं तू?"

अंकुर म्हणाला, "आई, हे कला हाये. नेसाची नसते, पाहाची असते."

"हे नेसून तिरडीवर निजली तं सारं दिग्रस पाहीन, बापू."

यजमान पेपरातूनच बोलले, "कायले घाई करून राह्यली वो?"

तरी सदर कला भिंतीसकट अंकुरला. तिला उदबत्तीचा धूर लागू देऊ नये, असे सुरभीने लिहिले आहे. देव्हारा हलणार नाही, कलेने हलावे.

अंकुरने सेलमधली सिंथेटिक साडी माझ्या अंगावर घातल्यास घराचे वरील कलम रद्द समजून घर मारुतीला द्यावे.

साक्षीदार: मानीबाई (शेजारीण), कपिल (किराणा दुकानदार)
सही: लीलाबाई बा. गावंडे
दिग्रस, १४ नोव्हेंबर २०२४

ता. क. ही प्रत सुरभीला. बाई, काठ पाहिला. तुझ्या आजीच्या लुगड्याचा जसाच्या तसा उतरला आहे, हात चांगला आहे तुझा. म्हणूनच मागते. मला एक लुगडे सलग विणून दे. रंग हिरवा धर. यजमानांची तब्येत माझ्याहून बरी आहे. मध्ये अर्थ ठेवू नको, सूत भर. विणतेस की नाही ते उलट टपाली कळव. फोन करू नको, फोनवर तू समजावतेस.