कानात गाणं, मानेत होकार

ती. दाजी यांना साष्टांग नमस्कार. (त्यासाठी मुद्दाम आडवं व्हावं लागलं नाही, घोटा सुजल्यामुळे परवापासून आडवाच आहे.) ताईचा गुडघा कसा आहे? आपली तब्येत उत्तम असणारच, कारण सल्ला देणाऱ्याला सहसा काही होत नाही. माझं पोट, जे कमी व्हावं म्हणून आपण एवढे कष्ट घेतलेत, ते जिथल्या तिथे सुखरूप आहे.

गेल्या महिन्यात आपण आलात, मला धावताना पाहिलंत आणि गाण्याशिवाय धावणारा माणूस मयतीला उशीर झाल्यासारखा दिसतो, असं प्रेमाने सांगितलंत. जाताना स्वतःचे हेडफोन माझ्या कानांवर चढवूनही गेलात. ही तेव्हाच म्हणाली होती की रस्त्यावर माणसाने कान उघडे ठेवावेत. (बायको आहे, तिचं कोण ऐकतो!) त्यावर आपण ताटावर हात वाळेपर्यंत व्याख्यान दिलंत. गाण्याने दम लागत नाही, पायांना ताल मिळतो आणि जगाची कटकट बंद होते. दाजी, यातलं शेवटचं शंभर टक्के खरं निघालं. जगाची कटकट बंद झाली, फक्त जगाला तसं कोणी कळवलं नव्हतं.

आपण कचेरीत पंख्याखाली बसणारे, आपल्याला आमच्या सलूनच्या धंद्याची खोड कुठून माहीत असणार! बाबांनी माझ्या हातात कात्री देण्याआधी मला मान हलवायला शिकवलं. गिऱ्हाईक सुनेबद्दल बोलो नाहीतर सरकारबद्दल, आपण मान हलवायची, कात्री थांबवायची नाही. सव्वीस वर्षं झाली. आता समोर ओठ हलले की माझी मान आपली आपण हलते, मला विचारतसुद्धा नाही. आणि सकाळी तळ्याभोवतीच्या रस्त्यावर भेटणारी निम्मी डोकी माझ्याच हाताखालून गेलेली. मला बघितलं की त्यांना बोलायची उबळ येतेच.

पहिले चार दिवस मी स्वर्गात होतो. कानात गाणं, दोन्ही बाजूंना हसरे चेहरे, सगळ्यांना माझी हसरी मान. पाचव्या दिवशी निवृत्त हेडमास्तर आत्मचरित्राची चारशे पानं घेऊन घरी आले. रोज दोन प्रकरणं ऐकायचं मी आनंदाने कबूल केलं होतं म्हणे. (जन्म आठव्या प्रकरणात आहे.) सहाव्या दिवशी औषधांच्या दुकानदाराने आपला कुत्रा आमच्या दाराला बांधला आणि सहकुटुंब सहलीला गेला. सातव्या दिवशी कळलं की मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी झालोय आणि पाण्याच्या टाकीच्या गळतीला मीच जबाबदार आहे.  हिने मला सोडून कुत्र्याला मोठ्याने विचारलं, की बाबा रे, तुला तरी ऐकू येतं ना?

इथपर्यंत मी हसून घेतलं. पण त्याच आठवड्यात आमच्या दुकानाच्या जागेचे मालक रस्त्यात भेटले होते. (त्यांना पूर्ण टक्कल, त्यामुळे सव्वीस वर्षांत आमच्या खुर्चीत बसायची त्यांना वेळ आली नाही.) ते माझ्याबरोबर बरंच अंतर चालत बोलले. गाणं रंगात आलेलं, मी सात-आठ वेळा मान हलवली, वर अंगठाही दाखवला. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे पुसले. मी मनात म्हटलं, किती मायाळू माणूस! चार दिवसांनी पत्र आलं. ‘आपण हसतमुखाने मान्य केल्याप्रमाणे महिनाअखेर दुकान रिकामं करावं, तिथे माझा भाचा केकचं दुकान काढणार आहे.’

दाजी, बाबांची खुर्ची त्या दुकानात आहे. ते पत्र वाचून पहिल्यांदाच माझी कात्री थांबली, खोटं कशाला सांगू. मालकांच्या घरी तीनदा गेलो, तर भाचा दारातूनच ‘मामा नाहीत’ म्हणतो. शेवटी परवा सकाळी तळ्यावर गाठलंच. मालक चक्क धावत होते! मी हेडफोन घरी ठेवले होते. लंगोटी सुटेपर्यंत धावत त्यांना गाठलं आणि बाजूने पळत सगळं सांगितलं. बाबा, खुर्ची, सव्वीस वर्षं, चुकून हललेली मान, सगळं. मालकांनी माझ्याकडे प्रेमाने बघून तीनदा मान हलवली. मी जिंकलो! आनंदाने दोन पावलं पुढे गेलो, मागे वळून हात जोडले, तेव्हा त्यांच्या टोपीच्या आत दोन्ही कानांवर काळे गोल दिसले. ते बघता बघताच माझा पाय खड्ड्यात गेला. संध्याकाळी भाचा दुकानात टेप घेऊन मापं काढून गेला. आता तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू?

आपला कृपाभिलाषी (आणखी कृपा झेपणार नाही, तरी रीत म्हणून),
मेहुणा

ता.क. आपले हेडफोन या पत्राबरोबर परत पाठवत आहे.

ता.क. दुसरा. पाठवत नाही. मी घोट्याची हकिगत सांगायला लागलो की ही ते घालून बसते. रस्त्यावर नको म्हणाली होती, घरात चालतात म्हणे.

ता.क. तिसरा, आणि हाच खरा. मालकांच्या मुलीचं स्थळ आपण जुळवलंत, ते आपला शब्द मोडणार नाहीत. रविवारी येऊन त्यांच्याशी बोला. आधी त्यांची टोपी स्वतःच्या हाताने काढा, कान तपासा, मग तोंड उघडा. आणि दाजी, हे वाचताना नुसती मान हलवू नका. हलवली असेल तर ती मी धरत नाही. ‘हो, जातो’ असं तोंडाने म्हणा, स्वयंपाकघरात ताईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तिला वेगळं पत्र टाकलंय, ती ओट्यापाशी कान देऊन उभी आहे.