मॅरनला काय काय दाखवावं

एडिंबरा, २ जुलै

प्रिय शोना,

तुझं पत्र मिळालं. ऑगस्टात चार दिवस येताय, मॅरनला शहर नीट दाखवायचंय, 'आई, काय काय बघावं त्याची यादी पाठव' म्हणालीस. हॉटेल ठरवल्याचंही कळवलंस. घरी येण्याबद्दल अवाक्षर नाही, आणि का नाही हे विचारायला मला तोंड नाही.

तर यादी. किल्ल्यावर सकाळीच जा. सगळा जन्म या शहरात गेला, पण मी तिथे एकदाच गेले, तेही तुझ्या शाळेच्या सहलीबरोबर. दुपारी एकची तोफ उडाली की पाहुणे दचकतात, आपण घड्याळ लावून घेतो. मॅरनला आधी सांगून ठेव, नाहीतर बिचारीच्या हातातली कॉफी सांडायची. ग्रेफ्रायर्सच्या त्या कुत्र्याच्या पुतळ्याचं नाक मात्र तिला चोळू देऊ नकोस. नशीब उघडतं म्हणून पाहुण्यांनी घासून घासून झिजवलंय मेल्यांनी. सेंट जाइल्स चर्चपाशी फरसबंदीतलं दगडी हृदय दाखव. आपण त्यावर थुंकतो म्हटल्यावर ती तोंड वाकडं करील, करू दे. आर्थर्स सीटच्या डोंगरावर चढाल तेव्हा वाऱ्यात टोपी धरून ठेवा. तुझे बाबा दर रविवारी तुला खांद्यावर घेऊन चढायचे आणि मग तीन दिवस कंबर धरून बसायचे. ते असते तर त्यांनी तुम्हा दोघींना स्टेशनवरूनच घरी आणलं असतं.

इथवर लिहिलं आणि खालच्या मजल्यावरची जेसी मटारचं सूप घेऊन आली. चष्मा लावून तिने सगळं वाचलं. तिला नको म्हणून उपयोग नसतो. म्हणाली, "नेटा, हे पोरीला पत्र आहे की बसस्टँडवरचं माहितीपत्रक? चार दिवस त्यांना गावभर हिंडवशील, पण तिसऱ्या मजल्यावर काही येऊ द्यायची नाहीस!" मी म्हटलं, "तुझं सूप अळणी झालंय." तर म्हणते, "झालं असेल. पण ते जिन्याचं तिला कधी सांगणार? मी मेल्यावर?"

सांगते. तीन वर्षांपूर्वी तू मॅरनला पहिल्यांदा आणलंस, 'ही माझी बायको' म्हणालीस, आणि मी दारातच "तुमचं जेवण झालंच असेल" म्हणून तुम्हाला वाटेला लावलं. तेवढं तुला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी ती एकटी आली होती, हे ठाऊक नाही. मी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि दार उघडलं नाही. जिना धुण्याची पाळी त्या आठवड्यात माझी होती. पाळीची पाटी माझ्याच दाराला लटकत होती. तिने ती वाचली असावी. थोड्या वेळाने बादलीचा आवाज आला. त्या पोरीने वरपासून खालपर्यंत अख्खा जिना धुतला, फडकं पिळून वाळत टाकलं आणि गेली. मी आत उभी राहून ऐकत होते. खाली जेसीने हटकलं तर म्हणाली, "आईंचे गुडघे दुखतात ना, शोना सांगत होती."

तिने हे तुला सांगितलेलं नाही, नाहीतर तू माझ्याकडे काही मागितलंच नसतंस. मला लाज वाटते, शोना. तिची नव्हे, माझी. हॉटेल रद्द कर. तुझ्या खोलीत मोठा पलंग आणून टाकलाय. तो वर चढवताना जेसीच्या जावयाने मला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या असतील! मला मॅरनची माफी मागायची आहे, पत्रातून नाही, समोर बसून. तिला विचार, येशील का म्हणून. आणि ती नाही म्हणाली, तर तू एकटी येऊ नकोस. तिच्याजवळच राहा.

तुझीच,
आई