आतली बेल

प्रिय आईस, तुझ्या थोरलीचा नमस्कार.

मी मजेत आहे. उद्यापासून फळांचा नवा हंगाम सुरू होतोय आणि मला पॅकिंगमधून उचलून शीतगृहात टाकलंय. जाड कोट मिळालाय. त्यात मी गुंडाळलेल्या गादीसारखी दिसते. कोट आधीच्या बाईचा आहे. ती कुठे गेली, ते कुणी सांगत नाही.

दार बाहेरूनच उघडतं. आत एक बेल आहे, तिचं बटण दाबून दाबून झिजलंय. मी मुकादमाला विचारलं, "बाहेर ऐकायला कोण असतं?"

"असतं की कुणीतरी," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

ते जाऊ दे. बाबांचा खोकला कसा आहे? धाकटी अभ्यास करते की नुसत्या गप्पा हाणते?

तू रोज देवाशी बोलायचीस, तेव्हा मी चिडवायचे, "ऐकतोय का तो?" तू म्हणायचीस, "ऐकणं त्याचं काम. आपण हाक मारायची सोडू नये." भीती वाटत नाही असं नाही, पण भार त्याच्यावर टाकलाय. उद्या आत जाते.

सकाळी तूही त्याला एक हाक मार. जरा मोठ्याने.

तुझीच,
थोरली