न टेकीत पाया

३ नोव्हेंबर २०२५, सकाळ

ध-धाम्-धाम्, ध-धाम्-धाम्, ध-धाम्-धाम्, ध-धाम्-धाम्.

पहाटे पुन्हा तोच आवाज कानात. साल १९६८. वर्गात मास्तर भुजंगप्रयात शिकवत होते, लगागा लगागा लगागा लगागा, आणि नेमकी तेव्हाच खिडकीबाहेरून गुरुसिद्धप्पांची मोटरसायकल गेली. तीही भुजंगप्रयातात! मास्तर थांबले, गाडी थांबली नाही. कविता आणि यंत्र एकदम कळण्याचा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. माझ्या तेराव्या वर्षीच आला. त्यानंतर विशेष काही घडलं नाही, हा भाग वेगळा.

संकल्प: याच डिसेंबरात ट्रायल्स.

४ नोव्हेंबर

पुढे विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. वेगाला शून्य किंमत. दगडधोंड्यांतून आखलेल्या वाटेने गाडी हळूहळू न्यायची, जमिनीला पाय लावायचा नाही. पाय टेकला की गुण गेला. गुरुसिद्धप्पा मिलिटरीतून ही विद्या घेऊन आले आणि दर रविवारी वळसंगच्या वाटेवरच्या खाणीत ती दाखवायचे. आम्ही पोरं सायकली टाकून बघत बसायचो. त्यांचा पाय खाली आलेला मी कधी पाहिला नाही.

आणि तीच गाडी आज माझ्या खालच्या खोलीत उभी आहे! माढ्याच्या जोतिराम नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात कडब्याखाली सापडली. टाकीवरच्या पोचावरून ओळखली. पोच असलेल्या टाक्या पुष्कळ असतात, असं शुभदाचं म्हणणं. बायकोला काव्यदृष्टी असावी असा माझा आग्रह नाही.

९ नोव्हेंबर

गंज काढला. तीन स्पोक बदलले. सायलेन्सर वर उचलून बसवला, ट्रायल्सच्या गाडीला तसाच लागतो, नाहीतर दगडावर आपटतो. कार्ब्युरेटर उघडला. परत बसवल्यावर एक स्क्रू उरला. कारखान्यात जास्तीचा घालत असावेत.

शुभदाने पुन्हा विषय काढला. तिच्या गुडघ्याने जिना चढवत नाही. पलंग आणि बाथरूम वर, स्वयंपाकघर खाली. खालची खोली मोकळी केलीत तर माझा पलंग तिथे येईल, म्हणाली. मी म्हटलं, जिना हा उत्तम व्यायाम आहे. तर म्हणाली, मग मोटरसायकल न्या वर.

१२ नोव्हेंबर

करार झाला. खाणीतली एक वाट, एकच, पाय न टेकता पार केली तर गाडी खोलीत राहील. टेकला तर गाडी बाहेर आणि पलंग खाली. पंच शुभदा. ती म्हणाली, मंजूर. इतक्या सहज का म्हणाली कळेना. नवऱ्यावर विश्वास असावा.

१५ नोव्हेंबर

शुक्रवार पेठेतल्या शिवयोगी मेकॅनिकला बोलावलं. तरुण आहे, हात चालतो, कान नाही. त्याने प्लग बदलला, पॉइंट घासले, काहीबाही पिळलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली. मी खुर्चीत कोसळलो.

धाम् धाम् धाम् धाम् धाम् धाम्. सरळ गद्य!

म्हटलं, अरे, ही ती नव्हे. लगागा कुठे गेलं? तो म्हणाला, काका, गाडी एक नंबर चालतीय की, आता आणि काय पायजे? वृत्त समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि शुभदाला हळूच विचारलं, काकांना बरं नाही का.

१६ नोव्हेंबर

शिवयोगी गेल्यावर स्वतः बसलो. हा स्क्रू थोडा सैल, तो थोडा घट्ट. दुपारपर्यंत गाडी खोकली, शिंकली, एकदा जाळ टाकला. चारच्या सुमारास आलं! ध-धाम्-धाम्, ध-धाम्-धाम्. डोळे भरून आले. धूरही होता.

शुभदा दारातून म्हणाली, अहो, लंगडतीय ती. म्हटलं, लंगडत नाही, यती सांभाळतेय.

२२ नोव्हेंबर

एकट्याने जाऊन येण्यात काय अर्थ? रीतसर कार्यक्रमच ठेवू. ‘कै. गुरुसिद्धप्पा स्मृती ट्रायल्स, २१ डिसेंबर.’ फ्लेक्स करायला टाकला. फोटो मिळाला नाही, म्हणून फ्लेक्सवाल्याने मोटरसायकललाच हार घातला. छान दिसतो. खाली संपर्क म्हणून माझं नाव, पत्ता.

शुभदाने विचारलं, ते वारले हे नक्की ना? काय प्रश्न! असा माणूस हयात असता तर मला कळलं नसतं का?

२९ नोव्हेंबर

स्पर्धकांची नावनोंदणी: मी. पहिला क्रमांक निश्चित. पण गाफील राहायचं नाही.

सराव सुरू. अंगणात दोन विटा ठेवल्या. एक ओलांडली. दुसरी बाजूला सरकली, तो विटेचा दोष.

६ डिसेंबर

सराव बंद. कंबर. त्याऐवजी कविता. पहिली ओळ झकास आली:

चढे ही शिळेला न टेकीत पाया

दुसरी सुचेना. मोठ्याने म्हणत येरझाऱ्या घातल्या. तेवढ्यात जिन्यातून शुभदा म्हणाली:

घरी मी चढावे जिना रोज वाया

मोजून पाहिलं. वृत्तात चूक नाही. आशय जरा वैयक्तिक आहे.

१४ डिसेंबर

खाणीत जाऊन चुन्याने वाट आखून आलो. वाटेत तीन मोठे दगड होते. त्यातला सगळ्यात मोठा वाटेबाहेर ठेवला. आयोजकाला तेवढा अधिकार असतो.

२१ डिसेंबर, रात्री

सविस्तर लिहिण्याची इच्छा नाही. पण इतिहासासाठी.

गाडी शिवयोगीच्या टेम्पोतून खाणीत नेली. शुभदा रिक्षाने आली, घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन. प्रेक्षक म्हणून अंबुबाई नावाच्या एक बाई, शेरडं घेऊन खाणीच्या काठावर. किक शिवयोगीने मारली, माझी कंबर म्हणून. ध-धाम्-धाम् सुरू झालं आणि मी पुन्हा तेरा वर्षांचा झालो.

पहिला दगड समोर. लगागा लगागा लगागा ल...

गा आलाच नाही. गाडी दगडावर अर्ध्यात बंद.

डावा पाय टेकला असं पंचांचं मत. माझं मत, तिथे जमीनच जरा वर होती. मग उजवा टेकला. मग दोन्ही हात. मग टेकायचं काही उरलं नाही.

अंबुबाई वरून ओरडल्या, म्हातारबा, लागलं न्हाय न्हवं? आवो, उतरून ढकला की! माजी शेरडं रोज चढत्यात हितनं. आणि हाकारा घालून दाखवलंही. सगळी शेरडं तिन्ही दगडांवरून गेली, मोठ्यावरूनसुद्धा. चार पायांना हे नियम लागू नाहीत, असं मी शिवयोगीला सांगितलं. तो हसत नव्हता, पण पाठ माझ्याकडे होती.

शुभदा उठून जवळ आली. छत्री मिटली आणि माझ्या कोपरावरची माती झटकली.

२३ डिसेंबर

निकालाविरुद्ध अपील केलं. मुद्दे: १. उताराची दिशा. २. पेट्रोल जुनं. ३. शेरडांमुळे एकाग्रता भंग. शुभदा म्हणाली, ठेवा गाडी, राहू दे, माझं काही नाही. अपील मंजूर! पण जिंकल्यासारखं वाटेना.

२६ डिसेंबर

संध्याकाळी खोलीत गाडी चालू करून बसलो होतो. बंद करून बाहेर आलो तर शुभदा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली, शेजारी चहाचा कप, गार झालेला. काय गं, विचारलं. म्हणाली, काही नाही, तुमचं भुजंगप्रयात ऐकतेय. मग कठड्याला धरून उठली. एका पायरीवर दोन्ही पाय टेकायचे, मग पुढची. दोन्ही पाय, मग पुढची.

तिचा कप मी उचलला आणि खाली उभा राहून बघत राहिलो. ती वर पोचेपर्यंत कप माझ्याच हातात होता.

२८ डिसेंबर

शिवयोगीला बोलावलं. गाडी ओसरीत, पलंग खाली. बाथरूमचं काम सोमवारपासून. खोलीत ऑइलचा वास आहे. शुभदा म्हणते, सवय आहे.

गाडी विकायची, असं ठरवलं. माझा स्वतःचा निर्णय. कुणाचा दबाव नाही.

४ जानेवारी २०२६, दुपार

एक गिऱ्हाईक उद्या येतो म्हणालाय. म्हणून आज शेवटचं ऐकून घ्यावं, म्हटलं. ओसरीत गाडी चालू केली, डोळे मिटले. ध-धाम्-धाम्. वर्ग दिसला, खिडकी दिसली, थांबलेले मास्तर दिसले.

दार वाजलं. गिऱ्हाईक आजच आला वाटतं.

दार उघडलं तर एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. हातात काठी, काखेत फ्लेक्सची गुंडाळी. मागे रिक्षा उभी. माझ्याकडे पाहिलंच नाही त्यांनी. मान तिरकी करून ओसरीतल्या गाडीला कान लावला आणि म्हणाले:

अजून मिसिंग गेलं न्हाय व्हय हिचं?

ते म्हणाले, अडुसष्टला वरीसभर कार्ब्युरेटरमदी कचरा अडकलेला. सोलापुरातल्या एका मेकॅनिकला निघंना बघा. वैतागून इकली मी ही. रस्त्यावनंच आवाज वळखला.

मग काखेतली गुंडाळी उलगडली. हार घातलेली मोटरसायकल, वर ‘कै.’, खाली माझा पत्ता. ह्याचं काय ते जरा बोलायचं हाय, म्हणाले, नातवाला कॉलेजात लई दुखवट्याचे फोन यायलेत. आणि सरळ आत येऊन, काठी टेकत, गाडीपाशी वाकले. एक स्क्रू पिळला. दुसरा. लगागा थांबलं. धाम् धाम् धाम् धाम्.

खालच्या खोलीतून शुभदाने विचारलं, अहो, कोण आलंय?

म्हटलं, कैलासवासी आलेत. तू उठू नकोस, चहा मी टाकतो.